राजाची आई, ईराची आई

फोन वसुधाच्या नंबरवरून आला होता, पण आवाज ईराचा होता. सकाळचे पावणेसात झाले होते. मी मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसला निघण्यासाठी गाडीची किल्ली शोधत होते. गेले काही महिने वसुधाचं नाव फोनवर उमटलं की एक क्षण थांबून, श्वास घेऊन मगच मी फोन उचलायचे. त्या दिवशीही तसाच उचलला. "रोझी मावशी, आई उठत नाहीये," दहा वर्षांची ती पोर म्हणाली. "बाबा डॉक्टरला फोन करतोय. तू वर ये." शाळेतला निरोप सांगावा इतका सरळ आवाज. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. मधल्या त्या एका जिन्यावर मी तीनदा थांबले. कठडा धरून उभी राहिले. मला वर पोचायचंच नव्हतं… वर पोचले तेव्हा ईरा दार उघडं धरून उभी होती, अंगात शाळेचा गणवेश, एकाच पायात मोजा. माझं बोट धरून तिने मला आत नेलं. बोलावलं तिनेच, धीर तिनेच दिला. मी त्रेचाळीस वर्षांची बाई तिच्यामागून चालत गेले.

याला आता सहा आठवडे झाले. वसुधा सामंत हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी कुठे ऐकलेलं असायचं कारण नाही. ती कुडाळची. लग्नाआधी रत्नागिरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. लग्न होऊन मस्कतला आली आणि इथल्या एका भारतीय शाळेत चौदा वर्षं मुलांना इतिहास-भूगोल शिकवत राहिली. तिचा नवरा प्रकाश रुसैलच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. मी वसईची, एकटी राहणारी, रुवीत एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांचं काम करते. अल खौदच्या आमच्या इमारतीखाली एका मल्याळी माणसाचं किराणा दुकान आहे. तिथे एकदा एक बाई नारळ कानाशी धरून हलवून बघत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "ह्येच्यात पाणीच नाय." मला हसू फुटलं. तिने दचकून मागे पाहिलं, इतकी दचकली की नारळ हातातून सुटला. वसुधाची आणि माझी ओळख अशी झाली, फुटलेल्या नारळावर. नारळात पाणी खरंच नव्हतं.

ती फार घाबरट होती. हे मी तिच्या मागे लिहितेय असं नाही, तिच्या तोंडावर शंभरदा म्हटलंय. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. माझ्या गाडीतून रुवीला यायची तेव्हा हायवेवर डोळे मिटून, पदर मुठीत धरून बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, "ट्रक गेला का?" डोंगरावर ढग दिसले की मला ऑफिसात फोन यायचा, वादीच्या कोरड्या पात्रातून गाडी घालू नकोस, पाणी कधी येतं कळत नाही. इथे वर्षातून चार वेळा पाऊस पडतो, पण तेवढ्याची धास्ती तिला वर्षभर पुरायची. ईरा शाळेच्या सहलीला गेली तर ती परत येईपर्यंत वसुधा जेवायची नाही. मी हसायचे. प्रकाशही हसायचा. अशा बाईने आयुष्यातली वीस वर्षं कुणाचा विचार करण्यात घालवली असतील, तर जिने घाबरायला हवं होतं तेव्हा जी घाबरली नाही, अशा एका बाईचा.

ही गोष्ट रशियाची, अठराव्या शतकातली. तिथली राणी वारली आणि दोन महिन्यांचं एक पोर झार झालं. त्याचं नाव इव्हान. पाळण्यातलं बाळ राज्य कसं करणार? म्हणून त्याच्या नावाने कारभार बघायला आधी एक सरदार नेमला होता. तीन आठवड्यांत त्याला पकडून तुरुंगात टाकलं आणि बाळाची आईच राजप्रतिनिधी झाली. तिचं नाव ॲना, वय जेमतेम बावीस. तिने साधारण वर्षभर राज्य केलं. रत्नागिरीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात वसुधाला तिच्यावर एकच परिच्छेद सापडला होता. बाई आळशी होती, केस विंचरायची नाही, डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत मैत्रिणीशी बोलत बसायची, बाहेर मंत्री ताटकळायचे, वगैरे. "एका बाईचं अख्खं राज्य आणि एक परिच्छेद," वसुधा म्हणायची. "त्यातही निम्मा तिच्या केसांवर." तिच्या नुकतं मूल झालेल्या शरीराबद्दल, तिच्या झोपेबद्दल, तिने हद्दपारीतून सोडवून परत आणलेल्या माणसांबद्दल कुणी का लिहीत नाही, असं तिला वाटायचं. तिच्यावर आपण मराठीत एक पुस्तक लिहायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं. लग्नानंतर ती मस्कतला आली तेव्हा साड्यांच्या बॅगेबरोबर टिपणांचे दोन खोके आले. ते खोके तिच्या पलंगाखाली असायचे. पुस्तक मात्र पुढे सरकायचं नाही. शाळेच्या वह्या, ईरा, घर, आणि खरं सांगायचं तर भीती… लिहिलेलं चुकलं तर?

गेल्या ऑगस्टमध्ये तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. इथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. आपण उपचार सुरू करू, म्हणाले, आणि शेवटी हळूच म्हणाले, "इन्शाल्ला." इथे हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. पार्सल उद्या येईल, इन्शाल्ला. नळ दुरुस्त होईल, इन्शाल्ला. वसुधा गाडीत बसली आणि म्हणाली, "रोझी, आज पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ कळला." मुंबईला जाऊन ऑपरेशन झालं. दिवाळीच्या आधी ती परत आली आणि पुढचे उपचार इथेच सुरू झाले. ईराला सांगायचं नाही, हे नवरा-बायकोने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आईला अशक्तपणा आहे, डॉक्टरने आराम सांगितलाय, एवढंच. मलाही तसंच बोलायला सांगितलं. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, सोपं वाटलं. माझी आई वसईला आजारी होती तेव्हा घरच्यांनी मला इथे शेवटपर्यंत खरं कळू दिलं नव्हतं, आणि मी त्यांना कधी माफ केलेलं नाही. तरीही या पोरीशी मी तेच केलं. ज्या दिवशी वसुधाला जास्त त्रास व्हायचा, उलट्या व्हायच्या, त्या दिवशी ईरा शाळेतून थेट माझ्याकडे यायची. माझ्याकडे एक जास्तीची किल्ली होती, ती मी तिला देऊन टाकली.

औषधांनी वसुधाच्या बोटांना मुंग्या यायच्या. पेन धरवेना. कपाचा कान धरवेना. जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी वर गेले तर पलंगाखालचे दोन्ही खोके बाहेर काढलेले आणि जमीनभर कागद. ती मधोमध बसली होती आणि रडत होती. रडण्याचं कारण आजार नव्हतं. कागद एकमेकांपासून सुटत नव्हते, बोटांना ते कळत नव्हते. मी म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. मी दिवसभर तेच करते, माल कुठून आला, कुठे चालला, फक्त इंग्रजीत. मराठी कीबोर्ड लावून घेतला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती पलंगावर उशीला टेकून सांगायची आणि मी टेबलाशी बसून लिहून घ्यायचे. ती फार चांगलं सांगायची. वर्गात कशी शिकवत असेल ते मला तेव्हा कळलं. एखाद्या जागी थांबायची, डोळे मिटायची. मला वाटायचं दुखतंय, पण ती योग्य शब्द शोधत असायची.

त्या दिवसांत मला ती गोष्ट कळली तशी सांगते. ॲनाची एक मावशी होती, म्हणजे आईची चुलत बहीण. राजघराण्यातली, लोकांची लाडकी, सैनिकांच्या मुलांच्या बारशाला जाणारी. ती गादी घ्यायला टपलीय, अशा बातम्या ॲनाकडे सारख्या येत होत्या. मंत्र्यांनी सांगितलं, परदेशातून पत्र आलं. शेवटी ॲनाने काय केलं? दरबार भरला असताना मावशीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, माझ्याविरुद्ध काही चाललंय का? मावशी रडली. तिने शपथा घेतल्या. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि ॲनाचा विश्वास बसला. एक-दोन दिवसांतच मावशी सैनिक घेऊन राजवाड्यात शिरली. ॲनाला झोपेतून उठवलं. बाळाला पाळण्यातून उचलून मावशीने स्वतः मांडीवर घेतलं, त्याचा मुका घेतला आणि म्हणाली म्हणतात, बाळा, तुझा यात काही दोष नाही. तिथे राज्य संपलं. हा भाग सांगून झाला तेव्हा ईरा दारात उभी होती, आम्हाला कळलंच नव्हतं. "मावशीने असं केलं?" तिने विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघी हसलो. पण वसुधा सगळ्यात आधी हसायची थांबली, हे माझ्या लक्षात राहिलं.

फेब्रुवारीत तिची तब्येत खालावली. ईरा माझ्याकडे आता आठवड्यातून चार-चार दिवस असायची. अभ्यास करायची, जेवायची, माझ्या सोफ्यावर झोपून जायची. एक गोष्ट मी बघत होते आणि वर सांगत नव्हते. ती पुस्तक उघडून बसायची, पण पान उलटायची नाही. मान किंचित तिरकी करून छताकडे कान द्यायची. वर त्यांची झोपायची खोली होती. वसुधा चालली की तिच्या सपातांचा घासल्यासारखा आवाज खाली यायचा. तो आवाज आला की ईराचे खांदे खाली यायचे. बराच वेळ आला नाही की ती पाणी प्यायला उठायची, परत बसायची, परत उठायची. एकदा मी टीव्ही लावला तर तिने येऊन काही न बोलता आवाज बंद केला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी वसुधाने मला हद्दपारीचं प्रकरण सांगायला घेतलं. ॲनाला, तिच्या नवऱ्याला आणि मुलांना एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात हलवत शेवटी पार उत्तरेला नेलं, बर्फाच्या मुलखात. इव्हानला वाटेतच वेगळं काढलं होतं. चार वर्षांचा होता. त्याच्या नावाची नाणी वितळवली, त्याचं नाव असलेले कागद जाळले, त्याचं नाव तोंडाने घ्यायलाही बंदी झाली. आई-बापाला त्याचा पत्ता कुणी सांगितला नाही. आणि तो कुठे होता? वसुधा थांबली. मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत राहिले. "त्याच आवारात," ती म्हणाली. "त्याच कुंपणाच्या आत, भिंत घालून वेगळ्या केलेल्या खोल्यांत. ती वर्ष-सव्वा वर्ष तिथे जगली आणि तिथेच बाळंतपणात मेली. सत्तावीस वर्षांची. मुलगा भिंतीपलीकडे आहे, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही." मग म्हणाली, "पूर्णविराम दे."

मी तो दिला नाही. मी असं कधी कुणाला काही बोलत नाही. ऑफिसात माझ्या टेबलावरची कामंसुद्धा दुसऱ्यांनी ढकललेली असतात. पण मी म्हणाले, "वसुधा, ईरा खाली बसून तुझ्या चालण्याचा आवाज ऐकते. रोज."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा असा झाला की मला खुर्चीतून उठून पळावंसं वाटलं. ती ओरडली नाही, ओरडायचं बळच नव्हतं. ती म्हणाली, "ती पण मावशीच होती. पोराला मांडीवर घेऊन मुका घेणारी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी खाली आले. लॅपटॉप तिथेच राहिला. त्यानंतर पंधरा दिवस मी वर गेले नाही. लोक मला म्हणतात, तू तिचं किती केलंस. म्हणून हे लिहायलाच हवं. तिच्या आयुष्यात जेमतेम तीन महिने उरले होते, त्यातले पंधरा दिवस मी रागाचं निमित्त करून वाया घालवले. राग दोन दिवसांत गेला होता. उरली होती ती भीती. तिच्या त्या चेहऱ्याची, त्या खोलीतल्या वासाची, आणि तिने म्हटलं ते थोडंसं खरं असेल याची. ईरा माझ्या सोफ्यावर झोपायची तेव्हा मला बरं वाटायचं, हे मी नाकारू शकत नव्हते. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, रुवीच्या चर्चमध्ये गेले तर प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचंही धाडस झालं नाही. प्रकाश ईराला सोडायला यायचा, दारातूनच जायचा. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. काही विचारलं तर म्हणायचा, चाललंय.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी ईरा खाली आली. "आईने बोलावलंय. आत्ता." वर गेले तर वसुधा उशांना टेकून बसली होती, डोक्याला सुती रुमाल बांधलेला. प्रकाश खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून. तिने मला टेबलाजवळच्या खुर्चीत बसायची खूण केली. माझ्याशी ती काहीच बोलली नाही. ईराला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मला जे झालंय ना ईरा, तो नुसता अशक्तपणा नाही."

"माहितीये," ईरा म्हणाली.

प्रकाश वळला. वसुधाने विचारलं, काय माहितीये? ईराने रोगाचं नाव सांगितलं. इंग्रजीत, अगदी बरोबर उच्चारासकट. "तुझ्या टॅब्लेटच्या बॉक्सवर जे लिहिलंय ते मी सर्च केलं. दिवाळीला."

दिवाळी होऊन चार महिने उलटले होते. चार महिने ती पोर शाळेत जात होती, गणितं सोडवत होती, माझ्या घरी डाळभात जेवत होती, आम्ही तिघं मोठी माणसं तिच्यासमोर खोटं हसत होतो आणि ती आमच्यासमोर. शेवटी वसुधाने विचारलं, "मग मला का नाही विचारलंस?"

"तू घाबरली असतीस," ईरा म्हणाली.

वसुधाने तिला ओढून घेतलं. मी खाली बघत बसले. बऱ्याच वेळाने वसुधाचा आवाज आला, माझ्यासाठी. "रोझी, ते वाक्य अजून उघडंच आहे. पूर्णविराम दे." मी लॅपटॉप उघडला. ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला. माफी तिनेही मागितली नाही, मीही नाही.

पुढचे अडीच महिने ईरा खाली राहायला आली नाही. वाईट दिवशीसुद्धा नाही. उलटीचं भांडं कसं धरायचं, ओठांना ओला कापूस कसा लावायचा, हे तिने नर्सकडून शिकून घेतलं. मला ते बघवायचं नाही. दहा वर्षांच्या मुलीने हे करावं का, असं मी प्रकाशला एकदा विचारलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? पण आता ती झोपते." शनिवारी ती पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकायची. तिची मराठी अडखळणारी, शाळेत मैत्रिणींशी सगळं इंग्रजीतच. तरी प्रश्न मात्र नेमके. एकदा विचारलं, "इव्हानला आई आठवत असेल?" वसुधा म्हणाली, "माहीत नाही. कुठे लिहिलेलं नाही." ईरा चिडली. "मग तू लिही ना, की आठवायची." वसुधाला ते लिहायचं होतं, मला दिसत होतं. मग म्हणाली, "मला जे माहीत नाही ते मी लिहू शकत नाही, बाळा. तो पुढे आयुष्यभर कैदेतच राहिला आणि कैदेतच त्याला मारलं, एवढं माहीत आहे." ईरा उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने परत आली आणि बसली.

या सगळ्याने वसुधा शूर झाली, असं मी लिहिलं तर ती मला खोडायला लावेल. ती घाबरलेलीच होती. मे महिन्यात एका दुपारी, बाहेर ऊन भट्टीसारखं तापलेलं, पडदे ओढलेले, तिने माझं मनगट धरलं. बोटांत ताकद नव्हती, तरी सुटता सुटेना. म्हणाली, "लोक म्हणतात मरणाची भीती नाही वाटत, दुखण्याची वाटते. मला मरणाचीच वाटते, रोझी. दुखलं तर चालेल…" आमच्यात अशा वेळी म्हणायच्या प्रार्थना आहेत, एकही आठवली नाही. मी तशीच तिच्याजवळ बसून राहिले, संध्याकाळी प्रकाश येईपर्यंत.

शेवटचं प्रकरण तिने मेच्या अखेरीस सांगितलं, दोन-दोन ओळी करत. ॲना मेली तेव्हा त्याच मावशीने, आता ती महाराणी होती, तिचा देह बर्फात घालून राजधानीत आणवला आणि इतमामाने पुरला. जिवंतपणी ज्या शहरात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती, तिथे मेल्यावर मेणबत्त्या, घंटा, पाद्री. "आणि मुलं?" मी विचारलं. मुलं तिथेच ठेवली, ती म्हणाली, उत्तरेला, कैदेत. त्या दिवशी तिने लॅपटॉप बंद करायला लावला आणि प्रकाशला हाक मारली. मला इथून नेऊ नका, म्हणाली. विमानात घालून कुडाळला नेऊ नका. जिथे ईरा आहे तिथेच काय ते करा. प्रकाश होकार देऊन बाहेर गेला आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडला. नळ बराच वेळ चालू होता.

ती गेल्यावर या गोष्टीवरून फोनवर वादावादी झाली. कुडाळहून तिचा भाऊ म्हणत होता, आईला शेवटचं तोंड तरी बघू दे, परक्या मातीत का ठेवता तिला? त्याचंही खरं होतं. त्या म्हाताऱ्या आईचा विचार आला की अजून मला झोप लागत नाही. पण प्रकाश, जो कुणाला नाही म्हणत नाही, तो नाही म्हणाला. सोहारला हिंदूंसाठी स्मशान आहे. कागदपत्रं मी केली. चौदा वर्षं मी मालाची कागदपत्रं करतेय, पण त्या फॉर्मवर तिचं नाव लिहिताना इतक्या चुका झाल्या की दोनदा नवा फॉर्म घ्यावा लागला. सोहारपर्यंत दोन तासांचा हायवे. ईरा माझ्या गाडीत होती. एक मोठा ट्रक अगदी जवळून गेला आणि मी नकळत म्हणाले, गेला. ईराने विचारलं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. प्रकाशने अग्नी दिला तेव्हा ईराचा हात त्याच्या हातात होता. तिथे फार वारा होता. ईराने डोळे मिटले नाहीत.

पुस्तक आता माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. एकशे बारा पानं. छापायचं कसं, कोण छापेल, मला माहीत नाही. शुद्धलेखन तपासून घ्यायला हवं, वसईच्या बाईने टाइप केलेलं आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे मला वसुधाकडून कधी कळलं नाही, ती गेल्यावर आठवड्याने ईराने सांगितलं. शेवटचे अडीच महिने त्या दोघींचा एक रोजचा शिरस्ता होता. संध्याकाळी ईराचं दूध आणि वसुधाचा कोरा चहा झाला की दोघींनी एकेक गोष्ट सांगायची, आज कशाची भीती वाटली. नियम एकच. ऐकणाऱ्याने समजूत घालायची नाही. "काही होत नाही" म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि मग आपली सांगायची. प्रकाशला यात घेतलं नव्हतं, तो लगेच समजूत घालतो म्हणून.

आता ईरा माझ्याकडे येते. शाळेला सुट्टी आहे, प्रकाश साडेपाचला रुसैलहून येतो, तोवर ती इथे असते. चहाची वेळ झाली की माझ्या समोर बसते आणि वाट बघते. पहिल्या दिवशी मी वरवरचं काहीतरी सांगितलं, ऑफिसातलं. तिने मान हलवली, चालणार नाही म्हणून. तेव्हापासून मी खरं सांगते. माझ्या आईबद्दल सांगितलंय. त्या पंधरा दिवसांबद्दलही सांगितलं. ती ऐकते, कप खाली ठेवते आणि मग आपली सांगते.

काल ती आधी बोलली. बिस्किट बुडवता बुडवता थांबली आणि म्हणाली, "आज मला आईचा आवाज आठवत नव्हता. पाच मिनिटं. घड्याळ बघितलं मी. मग आला परत."

माझ्या तोंडावर आलं होतं, अगं असं होतं, सगळ्यांचंच होतं. मी ते गिळलं. बिस्किट तुटून दुधात पडलं, तिने ते चमच्याने काढलं. मग ती माझ्याकडे बघत बसली, कारण आता माझी पाळी होती.